रस्त्यावरून दिसणारं जंगल

जालन्याला जाऊन आले असं पुण्यात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तिथं काय आहे बघायला?" मी जाण्याआधी माझाही हाच प्रश्न होता. चार दिवस राहून आल्यावर एवढं सांगू शकते की बघायला पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं आपल्याला दाखवायची तिथल्या लोकांची इच्छा नसते. याबाबतीत जालना आणि पुणे सारखंच.

मी ड्रोन उडवते. रीतसर परवाना काढलेला आहे. सोबत नवरा असतो, सुधीर. बँकेतून मुदतीआधी निवृत्ती घेतल्यापासून तो गाडी चालवतो आणि माझ्या पेट्या उचलतो. कुठंही गेलो तरी लोक कामाचं सगळं त्याच्याशी बोलतात आणि मला चहात साखर किती हे विचारतात. पूर्वी मी चिडायचे. आता मी शांतपणे साखर सांगते आणि सुधीर घामाघूम होऊन उंची, वारा, बॅटरी यांबद्दल काहीबाही उत्तरं देतो, ते ऐकते.

या वेळचं बोलावणं शांतिलालजींच्या ट्रस्टकडून होतं. शांतिलालजी हे जुन्या जालन्यातले कापडाचे ठोक व्यापारी. पूर्वज राजस्थानातून आलेले, पण इतक्या पिढ्या लोटल्या की राजस्थानात ते हॉटेलात उतरतात आणि किल्ले बघून परत येतात. आईच्या नावानं त्यांनी ट्रस्ट काढला आणि घनसावंगीच्या पुढं एका गावाच्या माळावर अकरा हजार झाडं लावली. त्याला पाच वर्षं होत होती. मोठा कार्यक्रम, मोठे पाहुणे, मोठा पडदा, आणि पडद्यावर दाखवायला एक फिल्म. ट्रस्टचे व्यवस्थापक धनंजयराव यांनी फोनवर मला एकच सूचना दिली होती. "मॅडम, असं दाखवा, की बघणाऱ्याला वाटलं पाह्यजे हे जंगल संपतच न्हाई."

जुना जालना

ड्रोनचं चित्रीकरण म्हणजे तीन दिवस तयारी आणि अर्धा दिवस उड्डाण. जागा आधी पायी बघायची, ऊन कुठून येतं ते टिपायचं, वारा किती, विजेच्या तारा कुठं, घारींची घरटी कुठं, आणि सरकारी नकाशावर तिथलं आकाश कुठल्या रंगाचं आहे ते तपासायचं. लाल असेल तर उडवायचं नाही, हिरवं असेल तर उडवा. आमचा माळ नकाशावर अगदी हिरवागार होता. जालना जिल्ह्यात माझ्या पाहण्यात आलेली ती सगळ्यात मोठी हिरवळ.

शांतिलालजींच्या गल्लीत आमची गाडी शिरेना. धान्याची पोती उतरवणारा टेम्पो, कापडाच्या गाठी लादलेली हातगाडी, दोन ऑटो आणि या सगळ्यांतून वाट काढणारी एक म्हैस, असा प्रकार होता. गाडी बाहेर ठेवून पेट्या हातात घेऊन चालत गेलो. दुकानात पांढरी गादी, लोड, आणि लोडाला टेकलेले शांतिलालजी. पंचाहत्तरीचे, गोरे, अतिशय सभ्य. दोन्ही गुडघे गेलेले, त्यामुळं उठताबसताना दोन माणसं लागतात. त्यांनी सुधीरला नमस्कार केला आणि ड्रोन किती वर्षं उडवताय असं विचारलं. सुधीरनं माझ्याकडं बोट दाखवलं. ते क्षणभर गोंधळले, मग म्हणाले की बिलकुल, बिलकुल, आजकाल लेडीज पुष्कळ पुढं गेल्यात.

जेवायला घरीच थांबायचा आग्रह झाला. ते जैन, त्यामुळं जेवण सूर्यास्ताच्या आत. पावणेसहाला ताटं वाढली. बाट्या, पंचमेल डाळ, गट्ट्याची भाजी, तुपाची वाटी वेगळी. कांदा नाही, बटाटा नाही, आणि त्यांची आठवणही येऊ नये असा स्वयंपाक. पुण्यात आम्ही पावणेसहाला दुपारच्या जेवणातून नुकते सावरत असतो, त्यामुळं पोटात जागा नव्हती. पण सूनबाई तुपाचं भांडं घेऊन उभ्या होत्या आणि "नको" हा शब्द त्यांच्या कानावर पडत नव्हता.

जेवताना शांतिलालजी झाडांबद्दल बोलले. त्यांची आई दुकानाच्या ओट्यावर उन्हाळाभर पाण्याचे माठ भरून ठेवायची आणि म्हणायची, पाणी आपण देऊ शकतो रे, सावली कुठून देणार. ती गेल्यावर त्यांनी सावली द्यायचं ठरवलं. दर महिन्याला ते गाडी काढून माळावर जातात. गुडघ्यांमुळं उतरता येत नाही, पण गाडीतून बराबर दिसतं, दाट हिरवी भिंत उभी राहिलीय, असं सांगताना त्यांचे डोळे भरून आले. शेजारी बसलेले धनंजयराव मान डोलवत होते. मला हा माणूस मनापासून आवडला. शांतिलालजी म्हणतेय मी.

ठाणं आणि घनसावंगी

नकाशा हिरवा असला तरी पोलिसांना कळवणं बरं, असं धनंजयरावांचं म्हणणं पडलं. त्याला कारण होतं. मध्यंतरी या भागात गावोगाव आवई उठली होती की चोर आधी ड्रोन उडवून घरं हेरतात आणि मग येतात. लोकांनी काठ्या घेऊन गच्चीवर पहारे दिले होते. चोर सापडला नाही, पण आकाशातल्या प्रत्येक लुकलुकत्या दिव्याकडं माणसं संशयानं बघायला शिकली.

तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी हद्दीतल्या ठाण्यात अर्ज घेऊन गेलो. हवालदार माणूस चांगला होता. त्यांनी अर्जावर "ड्रोनचालक" या शब्दापुढं सुधीरचं नाव लिहिलं. मी दुरुस्त केल्यावर ते खोडून माझं लिहिलं, आणि दुरुस्ती अपुरी वाटली म्हणून त्याच्याआधी "सौ." जोडलं. मग ड्रोन बघायला मागितला, हातात घेऊन तोलला, आणि एवढ्याशा वस्तूनं सगळा तालुका जागवला याचं त्यांना नवल वाटलं. गावच्या पोलीस पाटलांना फोन करून ठेवतो म्हणाले. तो फोन त्यांनी केला असावा, पण पोलीस पाटील तेव्हा पाहुण्यांच्या गावी होते.

घनसावंगीत रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर होते. त्यांच्या मागं आमची गाडी, आणि आमच्या मागं माणसांनी गच्च भरलेली जीप. आमच्या गाडीत दोन माणसं आणि चार रिकाम्या जागा बघून जीपवाल्याला बहुधा वाईट वाटलं असावं. तो बाजूनं पुढं जाताना आमच्याकडं दयेनं बघत गेला.

माळाच्या गावात शिरून पारापाशी थांबलो. मी मागचं दार उघडून पेटी नीट आहे ना ते बघितलं, एवढंच. पाच मिनिटांत गाडीभोवती वीसेक माणसं जमली. काठ्या नव्हत्या, पण एकानं टॉवेल कमरेला बांधला, ते मला फारसं आवडलं नाही. कुठले, कशाला आले, आधार दाखवा. सुधीर ठाण्याचा अर्ज दाखवू लागला, तर तो वाचणाऱ्यानं मोठ्यानं वाचून शेवटी शेरा मारला की चोरबी आजकाल अर्ज घेऊनच येतेत. या म्हणण्यात तथ्य असल्यामुळं सुधीरनं अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली. साठीची, वाळकी, नऊवारीवर पुरुषी सदरा घातलेली. ही गयाबाई. माळावरच्या झाडांची राखण ट्रस्टनं तिच्याकडं दिलेली. तिनं सगळ्यांना सांगितलं की ही झाडायचे फोटो काढणारी बाई हाय, शेटजीनं पाठवलीय, सरका. माणसं सरकली. गावात हुकूम कुणाचा चालतो ते मला कळलं, आणि विशेष म्हणजे ती सुधीरशी एक अक्षर बोलली नाही, सरळ माझ्याशी बोलली.

माळाकडं चालताना तिनं मला विचारलं, "बाई, ह्या यंत्रातून वरून समदं दिसतं का?"

मी म्हटलं, सगळं दिसतं.

ती म्हणाली, "मंग आधी जेवून घ्या."

तिच्या घरी ज्वारीची भाकरी, येसरची आमटी आणि ठेचा. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून केलेलं पीठ. ते पाण्यात कालवून उकळलं की पाच मिनिटांत आमटी होते, आणि ती प्यायल्यावर पुढची पंधरा मिनिटं माणूस डोळे पुसत बसतो. पुण्यात आम्ही आमटीत गूळ घालतो हे मी तिला सांगितलं. तिनं माझ्याकडं आजारी माणसाकडं बघावं तसं बघितलं.

माळ

रस्त्यावरून झाडं खरोखरच सुंदर दिसत होती. कडुनिंब, करंज, चिंच, शिसू, दोन पुरुष उंच, पानांची दाट भिंत. शांतिलालजींनी अतिशयोक्ती केली नव्हती. मी भिंतीच्या अलीकडं जागा साफ केली, पाती लावली, आणि यंत्राला दिशा समजावी म्हणून ते हातात धरून स्वतःभोवती गिरक्या घेतल्या. ही उड्डाणापूर्वीची नेहमीची रीत आहे. मागून आलेल्या गावकऱ्यांपैकी एकीनं चप्पल काढून हात जोडले.

ड्रोन वर गेला. पन्नास मीटर, ऐंशी, शंभर. मी पडद्याकडं बघत होते.

झाडांच्या पाच ओळी होत्या. रस्त्याला लागून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाचव्या ओळीमागं झाडं नव्हती. तिथं खड्डे होते. टेकाडापर्यंत, नजर जाईल तिथपर्यंत, दोरी लावून आखलेले, सारख्या अंतरावरचे हजारो रिकामे खड्डे. काम इतकं नेटकं होतं की खणणाऱ्यांचं कौतुक वाटावं. धनंजयरावांनी सांगितलेलं "संपतच न्हाई" हे खड्ड्यांना तंतोतंत लागू पडत होतं.

मी ड्रोन उतरवला आणि गयाबाईकडं बघितलं. ती कुठलीही सारवासारव न करता बोलली. रोपं लावली होती, खरीच लावली होती, एका दिवसात, शाळेची पोरं आणि बँडबाजा आणून. पहिल्या उन्हाळ्यात टँकर तीनदा आला. नंतर आला नाही. मग तिनं खालच्या हापशावरून घागरींनी पाणी आणायला सुरुवात केली. रस्त्याकडची आधी जगव, असं धनंजयरावांनी सांगितलं होतं.

"एका बाईच्यानं किती होतंय," ती म्हणाली. "आठशे बारा जगवले. समदे मोजून हायेत."

दुपारी धनंजयराव आले. पडद्यावर ते दृश्य बघून त्यांना धक्का बसेल असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि कॅमेरा जरा आडवा धरता येईल का विचारलं. रस्त्यालगत, खालून, संध्याकाळच्या उन्हात, पानांमधून सूर्य वगैरे. लगोलग त्यांनी दुसरा मार्गही सुचवला. कंप्युटरमध्ये बाकीची झाडं भरून टाका. लग्नाच्या अल्बममध्ये तर आजकाल न आलेले पाहुणेसुद्धा बसवून देतेत. आणि जाताजाता, अगदी हळुवार आवाजात, त्यांनी हेही सांगितलं की सगळी झाडं जिवंत असल्याच्या नोंदीवर दर महिन्याला गयाबाईचा अंगठा आहे. तेव्हा काही बाहेर आलं तर आधी कोण जाईल, याचा मॅडमनी विचार करावा.

परतताना सुधीर म्हणाला की आडवा धर की. खोटं थोडंच आहे, झाडं तर आहेतच. मला त्याचा राग आला, आणि राग येण्याचं कारण असं की त्याचं म्हणणं बरोबर होतं. पुण्यात एका बिल्डरचं गृहसंकुल मी असं टिपलंय की शेजारचा नाला नदी वाटावा. त्या 'नदी'काठी लोकांनी घरं घेतली आणि आता खिडक्या लावून राहतात. कॅमेरा आडवा धरणं हेच माझं पोट आहे. मग इथंच मला नीती का सुचावी? याचं उत्तर मला अजूनही नीट देता येत नाही. बहुधा आठशे बारा या आकड्यामुळं. आठशे असता तर मी कदाचित धरलाही असता आडवा.

पुन्हा जुना जालना

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गयाबाईकडं जाऊन विचारलं की हे शेठजींना दाखवू का. अंगठ्याचंही सांगितलं. तिला तो कागद हजेरीचा वाटत होता. ती उठली, सदरा काढून धुवट लुगडं नेसून आली आणि म्हणाली की दाखवा, पण माझ्यासमोर दाखवा. ती गाडीत मागं पेट्यांशेजारी बसली आणि जालना येईपर्यंत काच खाली करून तोंडावर वारा घेत राहिली.

दुकानात धनंजयराव होतेच. मी टॅबलेट शांतिलालजींच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पूर्ण बघितलं, पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा बघितलं. धनंजयराव पावसाचं प्रमाण, वाळवी, शेळ्या असं काही सांगू लागले, तर शांतिलालजींनी त्यांच्याकडं न बघताच हात वर केला. गयाबाई उंबऱ्याशी उभी होती. तिला आत बोलावलं. पाणी कुठून आणलं, किती खेपा, कोण सोबत होतं, असं विचारत राहिले. ती सांगत राहिली.

शेवटी ते म्हणाले, "मी तर दर महिन्याला येत होतो. तू कधी काही बोलली का न्हाईस?"

गयाबाई म्हणाली, "मी गाडीपशी येत होते की. तुमी काच खाली केलीच न्हाई."

कापड मोजणाऱ्या नोकराचा हात थांबला. शांतिलालजींनी डोळ्यांवरचा चष्मा काढून गादीवर ठेवला आणि मला सांगितलं की जे आहे ते दाखवा, बराबर वरून दाखवा, खड्ड्यांसकट. गयाबाईच्या नोकरीला हात लागणार नाही, हेही त्यांनी धनंजयरावांकडं बघत सांगितलं. धनंजयराव लगेच म्हणाले की त्यांचंही पहिल्यापासून हेच मत होतं.

उड्डाण

चौथ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता, ऊन कोवळं होतं. पहिल्याच उड्डाणात एक घार ड्रोनवर धावून आली, एक पातं मोडलं, आणि मी कसाबसा तो तुरीच्या रानात उतरवला. वाळल्या तुरीत ड्रोन शोधायला अख्खं गाव आलं. परवा आधार मागणाऱ्यानंच तो शोधून दिला आणि फोटोही काढून घेतला. पातं बदलून पुन्हा उडवला.

त्या दिवशी शांतिलालजी गाडीतून उतरले. दोन माणसांच्या आधारानं, दर चार पावलांना थांबत, ते पाच ओळी ओलांडून पलीकडं पहिल्या रिकाम्या खड्ड्यापर्यंत गेले आणि तिथं उभे राहिले. मी ते शंभर मीटरवरून टिपलं. हिरवा पट्टा, त्यामागं उजाड माळ, आणि मधल्या रेषेवर एक पांढरा ठिपका. इतकं खरं चित्र मी आजवर काढलं नव्हतं. पुण्याला येईपर्यंत मी स्वतःवर फार खूश होते, आणि सुधीरला ते सहन करावं लागलं.

महिन्याभरानं धनंजयरावांनी तयार फिल्म फोनवर पाठवली. मी टिपलेलं एकही दृश्य त्यांनी कापलं नव्हतं. हिरवा पट्टा होता, ठिपका होता, सगळे खड्डे होते. फक्त खाली निवेदन होतं, भारदस्त पुरुषी आवाजातलं. त्यात झाडांच्या पट्ट्याला "सीमावर्ती हरित कवच" म्हटलं होतं, आणि त्यामागं ट्रस्टनं निर्माण केलेले दहा हजार एकशे अठ्ठ्याऐंशी जलशोषक खड्डे पाण्याचा थेंबन् थेंब जमिनीत जिरवत होते. मी कागदावर हिशेब केला. गयाबाईचा आकडा त्यांनी अकरा हजारांतून वजा केला होता. एकाचीही चूक नव्हती.

मी शांतिलालजींना फोन केला. ते थकलेल्या आवाजात म्हणाले की फिल्म त्यांनीही कार्यक्रमातच पहिल्यांदा बघितली. खरं काय ते सांगायचं म्हणून उठून उभेही राहिले होते. पण तोवर पाहुण्यांनी माईक घेतला होता, असे खड्डे आता तालुक्यातल्या प्रत्येक माळावर झाले पाहिजेत असं जाहीर केलं होतं, आणि मंडप टाळ्या वाजवत होता.

"मंग मी बसलो," ते म्हणाले.

गेल्या आठवड्यात गयाबाईचा फोन आला. नोकरी शाबूत आहे. टँकर सुरू झालाय, शेठजी दर आठवड्याला येतात आणि उतरतात. पण खड्ड्यांत झाड लावायला धनंजयरावांनी बंदी केलीय. लांबलांबून माणसं खड्डे बघायला येतात, त्यात झाड दिसलं तर बरं दिसणार नाही.

मी विचारलं, मग आता काय करणार. ती म्हणाली की टेकाडाच्या अंगाला, पार मागच्या ओळीत, तिनं खड्ड्याखड्ड्यात चिंचोके टोचून ठेवलेत. एकशे चाळीस उगवलेत. रस्त्यावरून दिसत न्हाईत म्हणाली, आणि दोन-तीन वर्षं तरी इकडं ड्रोन घेऊन फिरकू नका, असं मला बजावून फोन ठेवला.